वरमाईचा पेपर

वडीगोद्री,
दि. २ फेब्रुवारी

चि. तृप्तीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

हातात मोबाईल असून मावशी पत्र का लिहून राह्यली, असं तुला वाटंल. कारण सांगते. मोबाईलवर तू कोडं पाठवतेस आणि त्याच्याच खाली उत्तर. माझी नजर आधी उत्तरावर जाते आणि डोकं तिथंच आळस करतं. शिवाय दुकानात फोन वाजला की तुझे काका तो स्पीकरवर टाकतात. मंग खताला आलेलं सगळं गिऱ्हाईक तुझी तब्येत विचारत बसतं. पत्राला पुण्याहून इथं यायला तीन-चार दिवस लागतात, तेवढ्यात माझं मी डोकं चालवीन. म्हणून यापुढं कोडी पोस्टानंच पाठव.

फॉर्म भरला बरं का. तीन वर्षांच्या वकिलीची सीईटी. वय त्रेचाळीस, शिक्षण बी.ए., आणि फोटोत चेहरा असा की चोरी करताना धरलंय. काका म्हणले, भर की, खर्चा किती तेवढं सांग. सासूबाईंना अजून सांगितलं न्हाई. आमच्या या झुंबरबाईंना काही सांगायचं म्हणजे आधी आभाळ बघावं लागतं.

आमचं दुकान तुला ठाऊकच आहे. पाटीवर बी-बियाणं लिहिलंय, पण काउंटरवर कागदच जास्त. पीकविम्याचा अर्ज, बियाणं उगवलं न्हाई त्याची तक्रार, वाटणीची नोटीस, लोक सगळं माझ्यापुढं ठेवतात. मी वाचून समजून सांगते आणि शेवटी म्हणते, आता अंबडला जाऊन वकिलाला भेटा. इतकी वर्षं माणसं दुसऱ्याच्या दारात पाठवून राह्यले. आता त्या खुर्चीवर मला बसायचंय. मागं दोनदा फॉर्म भरायचा राहून गेला. यंदा चुकलं तर मी परत हिंमत करणार न्हाई, मला माझं ठाऊक आहे.

कायद्याचा भाग जमंल, इंग्रजी ढकलत नेईन. गटांची कोडी मात्र माझा जीव खातात. अमका तमक्यासोबत बसत न्हाई, ही आली तर तो येतो, मंग कोण कोणत्या गटात ते सांगा. आमच्या भावकीत हेच चालतं, पण तिथं कुणी मार्क देत न्हाई. तू दिलेल्या पुस्तकातलं पहिलं कोडं सोडवलं. काशीनाथ आणि शकुंतला पहिल्या समितीत बसवले. एकच मांडणी निघते. बराबर आहे का ते कळव.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणून मावशीला फी लावू नको. जीव आहे तुझ्यावर, तो कोडं चुकलं तरी कमी व्हायचा न्हाई.

तुझी,
मीनामावशी


पुणे,
दि. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
तृप्तीचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र हॉस्टेलच्या टेबलावर पडलं होतं आणि माझ्याआधी चार मुलींनी हातात घेऊन पाहिलं. हल्ली पत्र येतं ते फक्त बँकेचं. खोलीतल्या मुलीला वाटलं माझं काहीतरी जुळलंय. मी सांगितलं की मावशी शिकवणीला बसली आहे, तर ती आणखीच खूश झाली.

आता उत्तर. मांडण्या दोन निघतात, एक नाही. काशीनाथ दुसऱ्या समितीत गेला तरी पुस्तकातला एकही नियम मोडत नाही. तू त्याला शकुंतलेजवळून का हलवलं नाहीस, ते वाचताक्षणी मला कळलं. तू त्या दोघांचं लग्न लावून टाकलंस. अगं मावशी, ती नुसती दोन नावं आहेत. ती नवरा-बायको आहेत असं पुस्तकात कुठे लिहिलंय? मी खूप हसले, पण ही चूक लहान नाही. कोड्यात नसलेला एखादा नियम आपण आपल्या पदरचा घालतो, आणि मग बसणारं कोडंही बसेनासं होतं. त्यामुळे प्रत्येक नियमापाशी थांबून विचारायचं, हे कोणी सांगितलं? मजकुरात असेल तर पाळायचं. नसेल तर ते आपल्या डोक्यातलं, ते सोडून द्यायचं.

पद्धत अशी. कागदावर दोन चौकोन काढ. ज्याची जागा पक्की दिली आहे त्याला आधी बसव. मग ज्यांना एकत्रच राहायचंय त्यांची गाठ बांध, ती गाठ सुटी करायची नाही. मग एकमेकांचं तोंड न पाहणारे. ज्यांच्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही ते शेवटी.

नवं कोडं देते. सहा साक्षीदार आहेत, सोमवार-मंगळवार दोन दिवसांत तपासायचे, रोज तीन. तिसरा आणि चौथा साक्षीदार एकाच दिवशी येतात. पहिला आणि दुसरा कधीच एका दिवशी येत नाहीत. पाचवा सोमवारीच येतो. सहाव्याबद्दल काही सांगितलेलं नाही. तर सहावा कोणत्या दिवशी येईल? उत्तर खाली लिहिलेलं नाही, शोधू नकोस.

काकांना नमस्कार. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,

तृप्ती


वडीगोद्री,
दि. २० फेब्रुवारी

चि. तृप्तीस,
मावशीचे आशीर्वाद, आणि आज जरा तोऱ्यात.

सुटलं. सहावा सोमवारी. आता कसं सुटलं ते ऐक, कारण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन न्हाई.

ते पहिला-दुसरा-तिसरा माझ्या डोक्यात राहीना. आकडे एकमेकांसारखेच दिसतात. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर मी काउंटरवर दोन टोपल्या मांडल्या, एक सोमवारची, एक मंगळवारची, आणि साक्षीदार म्हणून बियाण्याच्या पुड्या घेतल्या. पहिला कापूस, दुसरी तूर, तिसरं सोयाबीन, चौथा मूग, पाचवी मका, सहावा हरभरा. मका सोमवारच्या टोपलीत टाकली. सोयाबीन-मुगाला रबर लावून गाठ मारली. ती गाठ सोमवारी टाकली तर टोपली भरली, आणि कापूस-तूर दोघं मंगळवारी एकत्र आले. ते तर चालतच न्हाई. म्हणजे गाठ मंगळवारीच जाणार. तिथं एकच जागा उरती, ती कापसाची नाहीतर तुरीची. मंग हरभऱ्याला मंगळवारी जागाच न्हाई. तो बिचारा सोमवारी येणार म्हणजे येणारच, कुणी त्याच्याबद्दल काही सांगितलेलं नसलं तरी. मी एकटीच दुकानात टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात अंतरवालीचा एकजण आला आणि मंगळवारच्या टोपलीतून तूर उचलून भाव विचारू लागला. मी म्हणले, ती साक्षीदार आहे, ती विकायची न्हाई. त्यानं काकांकडं बघितलं. काकांनी खांदे उडवले. तो तुझ्या आईच्या गल्लीतलाच आहे, म्हणजे ही बातमी तिच्यापर्यंत पोचली असंलच.

काशीनाथ-शकुंतलेचं मात्र माझ्या मनाला लागलं. मी त्यांना नवरा-बायको केलं हे माझ्या ध्यानातही आलं न्हाई. आपल्याकडं एक पुरुष, एक बाई एका समितीत म्हणलं की दुसरं काही सुचतच न्हाई. आता प्रत्येक कोड्यात आधी सगळ्यांचा घटस्फोट करते आणि मंग सोडवायला बसते.

पुढच्या पत्रात चार कोडी पाठव, एकानं भूक भागत न्हाई. तुझी माया मला पुरती, अभ्यासाला मात्र आणखी पाहिजे.

तुझी,
मीनामावशी


पुणे,
दि. २८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सगळ्यांचा घटस्फोट करणाऱ्या वकीलबाईंना साष्टांग नमस्कार.

तुझा हरभरा मी वर्गात सांगितला. आमच्यातल्या एकाला तेच कोडं घातलं, तर तो पंधरा मिनिटं कागद खरडत बसला आणि शेवटी म्हणाला, सहाव्याबद्दल माहितीच नाही तर उत्तर कसं येणार. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी त्याला चहा पाजला.

सोबत चार नाही, नऊ कोडी आहेत. शेवटची तीन वाईट आहेत, चिडू नकोस. परीक्षेत पुड्या नेता येणार नाहीत, तेव्हा हळूहळू कागदावर ये. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं कर.

आई म्हणते, मीना लहानपणी रुसली की जेवत नसे, आता कोडं सुटलं नाही तर जेवत नसेल. जेवत जा. लोभ करतेस तसाच करत राहा, आणि वेळ लावून सोडव.

तुझी,
तृप्ती


वडीगोद्री,
दि. २९ मार्च

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

नऊच्या नऊ सुटली. पण आता दहावं आलंय आणि ते पुस्तकातलं न्हाई.

मिथुनचं लग्न ठरलं. माझे धाकटे दीर संपत, त्यांचा मिथुन. मुलगी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, भावना नाव, बी.एस्सी. झालेली, हसरी. लग्न तिकडंच, दुपारचा मुहूर्त. मी इतकी खूश होते की गल्लीत पेढे वाटून आले. दुसऱ्या दिवशी परीक्षेची तारीख बघितली. तोच दिवस. सकाळची पाळी, केंद्र संभाजीनगर.

मिथुनची आई गेली तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून तो माझ्याच ताटात जेवला. मला मोठी माय म्हणतो, आणि लग्नात वरमाई म्हणून मीच. तिथं न जाणं मला जमणार न्हाई, आणि मला ते नकोय. पण परीक्षाही सोडवत न्हाई गं. दोन्ही माझंच आहे.

मी टोपल्या मांडल्या. वऱ्हाडाच्या दोन गाड्या आहेत. एक जालना-भोकरदन रस्त्यानं सरळ धावड्याला. दुसरी संभाजीनगरहून नणंदेला घेऊन सिल्लोडमार्गे. दुसऱ्या गाडीत मी बसले तर पेपर देऊन पुढं जाता येतं. म्हणजे मी दुसऱ्या गाडीत. आता नियम बघ. आमच्या घराण्यात हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेव आणि वरमाई एकाच गाडीत, शिवेबाहेर त्यांनी वेगळं व्हायचं न्हाई. हा सासूबाईंचा नियम, त्याला हात लावता येत न्हाई. संपत आणि चुलतसासरे अण्णासाहेब बांधावरून बोलत न्हाईत, ते वेगळ्या गाड्यांत. संपत नवरदेवाचे बाप, ते त्याच्यासोबत. आणि नवरदेवाची गाडी जालना रस्त्यानं. म्हणजे मिथुन पहिल्या गाडीत, म्हणून मीही पहिल्या गाडीत. पेपर राहिला संभाजीनगरला.

सगळ्या बाजूंनी करून बघितलं. बसत न्हाई. पुस्तकात अशा वेळी यांपैकी एकही नाही असा पर्याय असतो, तो मी निवडते. परीक्षा सोडते. काकांना सांगितलं तर त्यांनी दुकानाचं शटर जरा जोरात ओढलं. मला फार वाईट वाटून राह्यलं, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू.

तुझ्या मेहनतीला माझ्यामुळं कमीपणा आला, तरी रागावू नको.

तुझी,
मावशी


पुणे,
दि. ४ एप्रिल

ती. मावशीस,
नमस्कार. रागावले आहे, म्हणून आज साष्टांग नाही.

पत्र वाचून मी आधी रडले आणि मग कागद घेऊन बसले. तू पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा बोहल्यावर चढणार आणि तू तिथे नसशील, असं मी सुचवणार नाही. पण तू मला दहावं कोडं घातलंस आणि उत्तरही स्वतःच लिहून टाकलंस. उत्तर खाली लिहायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?

तुझे नियम मी पुन्हा वाचले. नवरदेव आणि वरमाई एका गाडीत. हा सासूबाईंनी सांगितलेला, मान्य. संपतकाका आणि अण्णासाहेब वेगळे. सगळ्या गावाला माहीत आहे, मान्य. बाप मुलासोबत, हेही समजू. आता मला एवढंच सांग, नवरदेवाची गाडी जालना रस्त्यानं जाणार, हे कोणी सांगितलं? तू ते असं लिहिलंस जसं काही पोथीत आहे. बाकीच्या प्रत्येक नियमापुढे तू माणसाचं नाव लिहिलंस, याच्यापुढे कोणाचंच नाही.

मी उत्तर सांगत नाही. घरात प्रत्येकाला जाऊन विचार. आणि सासूबाईंना परीक्षेचं सांग, आभाळ कसंही असू दे. त्यांच्यापासून लपवून वरमाई आणि वकील दोन्ही होता यायचं नाही.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क तूच दिला आहेस, तो काढून घेऊ नकोस.

तृप्ती


वडीगोद्री,
दि. १६ एप्रिल

चि. तृप्तीस,
आशीर्वाद. आज तुझे कान धरावेत का पाय, तेच कळेना.

विचारलं. संपतला विचारलं, नवरदेवाची गाडी जालना रस्त्यानं न्यायची हे कोण म्हणलं. ते म्हणले, अण्णासाहेब. अण्णासाहेबांकडं गेले. ते म्हणले, आपल्या घरची समदी लग्नं तशीच गेली, तुझ्या नवऱ्याला, राधेश्यामला विचार. तुझे काका म्हणले, ड्रायव्हर म्हणला असंल. ड्रायव्हर म्हणला, ताई, तुम्ही म्हणाल तिकडून नेतो. शेवटी मिथुनला गाठलं. तो म्हणला, मोठी माय, मला तर कुणी विचारलंच न्हाई. मंग मी त्याला परीक्षेचं सांगितलं. तो आधी चिडला, की ही गोष्ट पुण्यातल्या तृप्तीला ठाऊक आणि घरातल्या पोराला न्हाई. मंग म्हणला, नवरदेव आणि वरमाई एका गाडीत पाहिजेत ना, तर तू माझ्या गाडीत बसू नको, मीच तुझ्या गाडीत बसतो. नवरदेव पोचल्याशिवाय काय अक्षता पडणार आहेत?

मी परत टोपल्या मांडल्या. ती गाठ आम्ही सगळ्यांनी एकाच टोपलीत धरून ठेवली होती. पूर्ण गाठच उचलून दुसऱ्या टोपलीत ठेवायची, एवढं सोपं, आणि मी परीक्षा सोडायला निघाले होते.

पण सासूबाई राहिल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, फॉर्म भरताना मी काय मेले होते का. अख्ख्या गावाला माहीत आणि मलाच शेवटी. ते खरंच होतं. मंग त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. काकांशी बोलायच्या, तेही मला ऐकू जाईल असं. घरात नवरदेवाची खरेदी आणि मधी हा अबोला, माझा जीव अर्धा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुपात ज्वारी पाखडत होत्या. वर न बघता विचारलं, तुझ्या त्या परीक्षेच्या शाळेबाहेर झाड हाये का, का हळदीचं पोरगं उन्हात भाजून काढती. मी म्हणले, बघून सांगते. त्या म्हणल्या, बघ जल्दी, आन् मी बी त्याच गाडीत हाये, वरमाईसंगं कुणी बाईमाणूस नको का.

तृप्ती, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मंग दुप्पट पोळ्या लाटल्या.

अण्णासाहेब तेवढे रुसले होते. नवरदेवाची गाडी जालना रस्त्यानंच गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना समजावलं की जालन्याची गाडी आधी पोचणार, म्हणजे धावड्याच्या शिवेवर पहिला फेटा तुम्हालाच. आता ते सगळ्यांना सांगून राह्यले की मी पुढच्या गाडीत आहे.

राहिलेली कोडी पाठव. माझ्यावर अशीच रागावत जा, ते मला मानवतं.

तुझी,
मीनामावशी


पुणे,
दि. २३ एप्रिल

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार, या वेळी कपाळ जमिनीला टेकवून.

मिथुनदादाला सांग, तुझ्या शिकवणीची फी आता त्यालाच द्यावी लागेल इतका तो हुशार निघाला. माझी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात नसती तर मी तुझ्या केंद्राबाहेर उभी राहिले असते. मैत्रिणीकडून चौकशी केली आहे. फाटकासमोर रस्त्यापलीकडे मोठं कडुनिंबाचं झाड आहे आणि त्याखाली बाकडं. सासूबाईंना तेवढं सांग.

आता नवीन कोडं नाही. तुला येतंय. हॉलमध्ये काहीच सुचेना तर गटांचं कोडं आधी शोध आणि तिथून सुरुवात कर. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

इथून तुझ्याकडेच डोळे लावून बसले आहे, एवढं ध्यानात असू दे.

तृप्ती


वडीगोद्री,
दि. ७ मे

चि. तृप्तीस,
सासू झालेल्या मावशीचे आशीर्वाद.

कुठून सांगू. पहाटे निघालो. गाडीत मी, मिथुन, संपत, सासूबाई आणि मुंडावळ्यांची पेटी, नणंदेला संभाजीनगरला घेतलं. मिथुन हळदीनं पिवळाधमक, हातात लिंबू टोचलेली कट्यार. केंद्राच्या फाटकापाशी शिपाई ती कट्यार बघून मागं सरकला. त्याला वाटलं परीक्षेला हाच बसणार. सासूबाईंनी त्याला सांगितलं की परीक्षा सुनेची हाये, लगीन नातवाचं हाये. त्यानं दोन वेळा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. शेवटी कट्यार वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सगळे कडुनिंबाखाली बसले.

आत गेल्यावर माझं काही खरं न्हाई असं वाटलं. आजूबाजूला सगळी लेकरं, माझ्या हातात हिरवा चुडा आणि नखांना हळद. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं हलत होती. पहिले चार प्रश्न नुसते वाचले, समजलं काहीच न्हाई. मंग तुझं म्हणणं आठवलं आणि मी पुढं जाऊन गटांचं कोडं शोधलं. सात माणसं, दोन होड्या. पुड्या नव्हत्या, पण मला दोन टोपल्या साफ दिसल्या. एकत्र राहणाऱ्यांची गाठ उचलली, दुसऱ्या टोपलीत ठेवली, आणि सगळं आपोआप बसलं. त्यानंतर एकेक प्रश्न सुटत गेला. इंग्रजीत मार खाल्ला असंल, पण रिकामं एकही सोडलं न्हाई.

बाहेर आले तर झाडाखाली जत्रा. पोरांच्या आया मिथुनला ताक पाजत होत्या, पोरं त्याच्यासोबत फोटो काढत होती, आणि संपत सगळ्यांना लग्नाचं आवतण देऊन राह्यले होते. मला बघून मिथुन उठला आणि त्यानं फक्त मान हलवून विचारलं. मी पण मानेनंच सांगितलं. मंग तो जो पळाला गाडीकडं.

उशीर झालाच. सिल्लोडच्या पुढं मी ड्रायव्हरला दर वळणाला जल्दी म्हणत होते. पोचलो तोवर मुहूर्त टळून गेल्ता. मांडवात पाहुणे घड्याळ बघत, वाजंत्री थकलेले, अण्णासाहेब दोन फेटे बांधून वेशीवर उभे. विहीणबाईंच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मी त्यांच्यापुढं हात जोडले आणि सरळ सांगितलं, चूक पोराची न्हाई, माझी परीक्षा होती, माझ्यासाठी थांबला. त्यांनी नुसतं घड्याळाकडं बोट दाखवलं. बाजूच्या दोघीतिघी मात्र बोलल्या, या वयात कसली परीक्षा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावना तिथंच पाटावर बसली होती. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, आई, पेपर कसा गेला.

मला तिनं आई म्हणलं, तेही अक्षता पडायच्या आधी. मी म्हणले, चांगला गेला. मंग विहीणबाईंनीच हाक मारली की चला आता, अंतरपाट धरा.

लग्न फार छान झालं. तू नव्हतीस तेवढं एक राहिलं. सुनेला तुझ्याबद्दल इतकं सांगितलंय की ती तुला कोड्यांवरूनच ओळखती. तिच्यावर पण माझ्यासारखाच जीव लाव.

तुझी,
मीनामावशी


वडीगोद्री,
दि. २४ ऑगस्ट

चि. तृप्तीस,
आशीर्वाद.

निकाल तर तू माझ्याआधी बघितलास आणि फोनवर इतकी ओरडलीस की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी पण ऐकलं. आता पुढचं कागदावर सांगते, ते फोनवर सांगण्यासारखं न्हाई. जालन्याला लॉ कॉलेजात नंबर लागला. कागद तपासले, प्रवेश पक्का झाला, आणि ओळखपत्रावर या वेळी मी हसले आहे.

काउंटरला आता भावना बसणार. पहिल्याच दिवशी तिनं एका माणसाचा विम्याचा अर्ज वाचून चूक काढली. काका म्हणले, या घरात बियाणं विकायला कुणीच तयार न्हाई. पण ते खूश आहेत. काल अंबडला जाऊन माझ्यासाठी काळी बॅग घेऊन आले आणि किंमत विचारू दिली न्हाई.

उद्या पहिला तास. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गावातून मी एकटी एसटीत कधी चढले न्हाई. कुणी नको म्हणलं न्हाई. तशी वेळच आली न्हाई, कायम कुणी ना कुणी सोबत असायचंच. आज दिवसभर मी सगळ्यांवर उगाच खेकसून राह्यले.

तू दिलेलं कोड्यांचं पुस्तक भावनेनं मागून घेतलं. आता पोस्टमन तिच्या नावानं येईल. आमच्या दोघींवर लोभ वाटून दे, भांडण लागणार न्हाई याची हमी मी घेते.

तुझी,
मीनामावशी

ता. क. पाकीट बंद करणार, तेवढ्यात सासूबाई आल्या. उद्या जालन्याला सोबत कोण हाये, असं विचारलं. मी म्हणले, कुणी न्हाई, एकटीच. त्या उंबऱ्यापर्यंत जाऊन वळल्या. म्हणल्या, मंग खिडकीची जागा धर.